मोहटोल्याचा तलाव गोतावळ्यात जातो

मोहटोल्याच्या तलावात मासे आहेत की नाहीत, हा प्रश्न बरीच वर्षं तलावाकडे पाहून सोडवला जाई. मुलचेऱ्याहून जंगलातल्या रस्त्याने आत गेलं की आधी हा तलाव लागतो आणि मग गाव. गावातल्या ढिवरांच्या मत्स्य संस्थेकडे तलावाचा ठेका आजोबा-पणजोबांच्या काळापासून आहे. जाळं टाकलं की मासे निघत, मासे निघाले की लोक येत, लोक गेले की संस्थेची माणसं पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बसून विडी ओढत. या व्यवस्थेत सुधारणेला भरपूर वाव होता. तो शासनाच्या लक्षात यायला जरा उशीर झाला, एवढंच.

संस्थेचा सचिव सुरेंद्र भानारकर. चाळिशी गाठलेला, कमी बोलणारा माणूस. तरुणपणी त्याने मुलचेऱ्याला कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. त्या कोर्साने त्याला नोकरी दिली नाही, पण वेबसाइट बनवायला शिकवलं. मग त्याने स्वतःची एक वेबसाइट बनवली. पांढरं पान, काळी अक्षरं आणि वर तलावाचा एक फोटो, तोही जरा तिरका आलेला. रोज सकाळी पाण्यापाशी जाऊन आला की सुरेंद्र त्यावर लिही : "आज मोठ्या पाळीकडून जाळं. रोहू, कतला. मरळ थोडी. नाल्यावर चिखल हाये, गाडी अलीकडंच ठेवा." मासा नसला तर लिही : "आज मासा नाई. येऊ नका." हे दुसरं वाक्य लोकांना फार आवडे, कारण त्याने एक हेलपाटा वाचत असे.

त्याखाली त्याची स्वतःची पानं होती. पाण्याचा रंग पाहून वडील काय सांगत, ते एका पानावर. मरळ कशी साफ करावी, ते दुसऱ्यावर. बगळ्यांच्या मागे धावणारा त्याचा कुत्रा मेला तेव्हा त्याने त्याच्यावरही एक पान लिहिलं होतं. ही वेबसाइट फार कोणी वाचत नसे. जे वाचत ते मासे घ्यायला येत.

अशात जिल्ह्याच्या ठिकाणी 'जलजीविका डिजिटल उन्नयन कक्ष' स्थापन झाला आणि त्याच्या प्रमुखपदी गुणवंतराव आले. गुणवंतराव मनाने चांगले होते. तीच अडचण होती. वाईट अधिकाऱ्याला टाळता येतं, चांगला अधिकारी घरापर्यंत येतो.

ते मोहटोल्याला आले, समाजमंदिरात पडदा लावून त्यांनी सर्व सभासदांना चित्रं दाखवली आणि मग विचारलं, "संस्थेची डिजिटल उपस्थिती काय आहे?"

सुरेंद्रने वेबसाइट दाखवली. गुणवंतरावांनी ती पाहिली आणि जुन्या दुखण्याचे कागद पाहणाऱ्या डॉक्टरसारखा चेहरा केला.

"सुरेंद्रजी, वेबसाइट म्हणजे काय? आपण घरात बसायचं आणि पाहुणे येतील म्हणून वाट पाहायची. आता तो काळ गेला. आता गोतावळा आला. गोतावळ्यावर जग आधीच बसलेलं आहे. आपण फक्त तिथे जाऊन बसायचं."

'गोतावळा' हे मोबाइलवरचं ॲप होतं. त्यात खातं काढलं की माणसाला मित्र, चाहते, वाढदिवस आणि मतं असं सगळं एकदम मिळे.

"पण साहेब," सुरेंद्र म्हणाला, "मासे तलावात हायेत. माणसाले शेवटी इथीच याव लागते."

"हीच ती जुनी मानसिकता," गुणवंतराव प्रेमाने म्हणाले आणि त्यांनी पुढचं चित्र लावलं. त्यात लिहिलं होतं की यापुढे ठेक्याचं नूतनीकरण 'सक्रिय सामाजिक उपस्थिती प्रमाणपत्र' पाहूनच होईल.

संस्थेचे अध्यक्ष इस्तारीभाऊ सत्तरीचे. तलाव सोडून दुसरा धंदा त्यांना माहीत नव्हता आणि माहीत करून घ्यायची इच्छाही नव्हती. ते म्हणाले, "ठेका जाईल म्हणता?"

"जाणार कसा? मी आहे ना. फक्त खातं काढा."

"काढतो," सुरेंद्र म्हणाला. "वेबसाइट बी राहू देतो, खातं बी काढतो."

गुणवंतरावांनी खेदाने मान हलवली. "तसं चालणार नाही. एका संस्थेच्या दोन ठिकाणी उपस्थित्या म्हणजे दुबार उपस्थिती. एका माणसाचं नाव दोन रेशनकार्डांवर असावं, तसं ते होतं. नियमानुसार जुनी उपस्थिती निर्लेखित करावी लागेल."

सुरेंद्रने त्या संध्याकाळी वेबसाइट बंद केली. बंद करण्याआधी कुत्र्याचं पान एकदा वाचलं. बायको पुनम पाठीमागे उभी होती. ती म्हणाली, "एवढं काय तोंड पाडून राह्यले? घर थोडीच पाडून राह्यले कोणी."

गोतावळ्यावर खातं काढताना पहिली अडचण आली ती वर्गाची. आपण कोण, हे गोतावळ्याला सांगावं लागे. त्याने दिलेल्या पर्यायांत उपाहारगृह होतं, केशकर्तनालय होतं, आध्यात्मिक गुरू होते, 'सार्वजनिक व्यक्तिमत्त्व' होतं. माशांचा तलाव नव्हता. 'तलाव' हा शब्द एकाच ठिकाणी सापडला : सार्वजनिक जलतरण तलाव.

सुरेंद्रने कक्षाला फोन केला. गुणवंतराव म्हणाले, "काहीच न निवडण्यापेक्षा जवळचं निवडा. पाणी आहे ना? झालं तर."

अशा रीतीने मोहटोला मत्स्य संस्था गोतावळ्यावर जलतरण तलाव म्हणून रुजू झाली.

दुसऱ्या दिवशी सुरेंद्रने सवयीप्रमाणे लिहिलं, "आज मोठ्या पाळीकडून जाळं. रोहू, कतला." ते तिघांनी पाहिलं. एक तो स्वतः, एक पुनम आणि एक सुरतेतले कापडाचे व्यापारी. त्यांनी त्याखाली नमस्काराचे हात टाकले. कोणती गोष्ट कोणाला आणि कधी दाखवायची, हे गोतावळा स्वतःच्या मर्जीने ठरवी. सोमवारचं जाळं त्याने आसपासच्या लोकांना गुरुवारी दाखवलं. गुरुवारी माणसं पिशव्या घेऊन पाळीवर आली तेव्हा इस्तारीभाऊ फाटलेलं जाळं शिवत बसले होते.

"तुमीच लिहिलं ना, आज जाळं म्हणून?" एकाने विचारलं.

"ते आज सोमवारचं होतं," सुरेंद्र म्हणाला.

"आज गुरुवार हाये."

"म्हणूनच तर मासा नाई."

मग सुरेंद्र मजकुरात तारीख टाकू लागला. गोतावळा पहिले चार शब्द दाखवून बाकीचा मजकूर 'अधिक वाचा'च्या आत ठेवी, आणि अधिक वाचणारा माणूस त्या भागात गोतावळ्याला आढळला नव्हता. तारीख सुरुवातीला टाकली तर गोतावळ्याला वाटे की आज कुणाचा तरी वाढदिवस आहे. तो त्यावर फुगे सोडी.

कक्षाकडे तक्रार गेली. गुणवंतरावांनी ती गांभीर्याने घेतली. "मजकूर कोण वाचतं हो आता? व्हिडिओ टाका. छोटा. भावनिक."

मग पुनमने मोबाइल धरला. इस्तारीभाऊ कमरेइतक्या पाण्यात जाळ्याची दोरी धरून उभे होते. मासा जाळ्यात शिरेपर्यंत हालायचं नसतं, बोलायचं नसतं. तसे ते हालत नव्हते, बोलत नव्हते, दूर कुठेतरी पाहत होते. गोतावळ्याने त्या चित्राखाली आपणहून सनईचे करुण सूर घातले.

आठवडाभरात इस्तारीभाऊ 'एकाकी काका' या नावाने देशभर पोचले. हजारो लोकांनी त्यांना हृदयं पाठवली. 'काका, तुम्ही एकटे नाही' असं लिहिलं. कोणी लिहिलं की या पिढीला आईबापांची किंमत नाही. कोणी त्यांच्या मुलांना शिव्या दिल्या. इस्तारीभाऊंचे दोन्ही मुलगे त्या व्हिडिओत त्यांच्यापासून चार हातांवर, जाळ्याचं दुसरं टोक धरून उभे होते. चित्र चौकटीत बसावं म्हणून गोतावळ्याने त्यांना कापलं होतं.

"मले काऊन रडून राह्यले हे लोक?" इस्तारीभाऊंनी विचारलं.

"तुमी दुःखी दिसता म्हणून."

"मी मासा पाहून राह्यलो होतो."

"तेच तर," सुरेंद्र म्हणाला. "तसं कोणी पाहतच नाई आता."

कक्षाने संस्थेला 'सक्रिय सामाजिक उपस्थिती' प्रमाणपत्र दिलं, वर 'उत्कृष्ट' असा शेरा. चाहते वाढले. तलावावर माणसंही येऊ लागली, पण ती काकांसोबत फोटो काढून, काकांच्या खांद्यावर हात ठेवून आणि 'धीर धरा' म्हणून जात. मासे घ्या म्हटलं की म्हणत, "नाही हो, लांब जायचंय, गाडीत वास येतो." राजुऱ्याहून एक कुटुंब हवा भरलेल्या रबरी चकत्या आणि पोहण्याचे कपडे घेऊन आलं. त्यांनी कपडे बदलायची खोली कुठे आहे विचारलं. सुरेंद्रने मोहाच्या झाडाकडे बोट दाखवलं. घरी जाऊन त्यांनी गोतावळ्यावर लिहिलं की तलाव निसर्गरम्य आहे, पण तळाशी चिखल असून काहीतरी पायाला चावतं. तरीही पाचपैकी चार तारे दिले.

उन्हाळा तोंडावर आला. पाणी उतरलं की मोहटोल्यात वर्षाचं मोठं जाळं पडतं. सारी ढिवर घरं त्या दिवशी पाण्यात असतात आणि त्या दिवसावर पुढचे कोरडे महिने निघतात. गावात बर्फ मिळत नाही, त्यामुळे मासे निघायच्या आधी घेणारे पाळीवर उभे लागतात. सुरेंद्रने आठवडाभर आधीपासून गोतावळ्यावर लिहिलं, व्हिडिओ टाकले, इस्तारीभाऊंना पुन्हा पाण्यात उभं केलं. लाखभर लोकांनी पाहिलं. 'नक्की येणार' हे बटण इतक्या जणांनी दाबलं की ते सगळे आले असते तर तलाव पाळीच्या वरून वाहिला असता.

मोठ्या जाळ्याच्या दिवशी सकाळी मासे निघाले. असे रोहू-कतला तीन-चार वर्षांत निघाले नव्हते. पाळीवर ढीग लागले. बायकांनी ओली पोती पसरली, पळसाची पानं अंथरली. घेणारे म्हणून आले ते पंचक्रोशीतले मोजके ओळखीचे लोक, तेही गुरं शोधत इकडे आले होते म्हणून. ऊन चढलं. माशांच्या डोळ्यांवर पांढुरकी साय येऊ लागली. पुनम आणि इतर बायका खारवण्यासाठी मासे चिरायला बसल्या, पण एवढ्या माशांना मीठ कुठून आणायचं?

सुरेंद्र मोबाइल पाहत होता. त्याच्या पडद्यावर लोक अजूनही हृदयं पाठवत होते. बंगळुरूच्या कोणीतरी लिहिलं होतं, 'वाह, किती ताजे!'

पुनमने त्याच्या हातातून मोबाइल काढून घेतला आणि उलटा करून पोत्यावर ठेवला. "आता ते तरी नोका पाहू," ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून सुरेंद्रला जास्त लागला.

दुपार कलती होती तेव्हा पाळीवर एक सायकल आली. सायकलवरून रीता मंडल उतरली. मुलचेऱ्याजवळच्या बंगाली वस्तीत तिची भात-माशाची खानावळ होती. सुरेंद्र आणि ती एकमेकांना ओळखत, पण कारणापुरतं. तिच्या हँडलला केळ्यांची पिशवी लटकत होती. सुरेंद्रला पाहून ती थबकली.

"सुरेंद्रदा," ती म्हणाली, "तुम्ही तर जिवंत हाये."

"हाव," सुरेंद्र म्हणाला. "काऊन?"

"रोज सकाळी तुमचं पान उघडते मी. किती महिने झाले, उघडतच नाई. मी म्हणलं, हा मानूस मासा नसला तरी लिहिते, 'मासा नाई' म्हणून. आता एकदम बंद. मंजे काही तरी बुरा झालं. आज खानावळ बंद हाये तर म्हणलं, भाभीला भेटून येते." तिने ओशाळून केळी पुनमच्या हातात दिली. "ही त्यासाठी आणली होती."

पुनमने केळी घेतली. मग तिने रीताला पाणी दिलं.

"गोतावळ्यावर तर रोज टाकत होतो," सुरेंद्र म्हणाला.

"तिथं एक म्हातारा रडते सारखा. तेवढंच दिसते."

थोड्या अंतरावर बसलेल्या इस्तारीभाऊंनी मान खाली घातली.

रीताने ढिगांकडे पाहिलं आणि पुढचं काही विचारलं नाही. सायकल तिथेच टाकून तिने फोन लावायला घेतला. बंगालीत ती काय बोलत होती ते कोणाला कळलं नाही, पण 'माछ' हा शब्द पुन्हापुन्हा येत होता आणि आवाज वाढत होता. दिवस मावळायच्या आत वस्तीतून दोन छोटा हत्ती गाड्या आणि बऱ्याच मोटारसायकली आल्या. निम्म्याहून अधिक मासे गेले. उरलेले बायकांनी खारवले, काही फेकावे लागले. वर्ष पुरतं बुडालं नाही, एवढंच समाधान.

सुरेंद्र कक्षाकडे जाऊन काही बोलणार, त्याआधी कक्षाच त्याच्याकडे आला. गुणवंतराव स्वतः आले होते, हातात नोटीस होती आणि चेहरा उतरलेला होता. जिल्ह्यातल्या जलतरण तलावांची पाहणी करायला एक सुरक्षा पथक नेमलं गेलं होतं. तलाव कुठे कुठे आहेत हे पथकाने गोतावळ्यावरून शोधलं आणि पाहणीही तिथेच उरकली. नोटिशीत म्हटलं होतं : 'सदर सार्वजनिक जलतरण तलावात जिवंत मासे आढळून आल्याने पोहणाऱ्यांच्या आरोग्यास धोका संभवतो. तरी मासे तात्काळ हटवून पाण्यात क्लोरीन मिसळावे व अनुपालन अहवाल सादर करावा.'

इस्तारीभाऊंना वाचून दाखवल्यावर ते बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले. या वेळी ते खरोखरच दुःखी होते, पण व्हिडिओ काढायला कोणी नव्हतं.

"साहेब," सुरेंद्र म्हणाला, "क्लोरीन टाकलं तर माशाचं बीजसुद्धा राहणार नाई. तुम्ही त्याईले सांगा ना, हा मासोळीचा तलाव हाये म्हणून."

"सांगितलं. ते म्हणतात, गोतावळ्यावर जलतरण तलाव लिहिलं आहे. लोक पोहून गेल्याचे तारे आहेत."

"तुम्ही आता तलावापाशीच उभे हाये. पाहून राह्यले ना?"

"मी पाहतोय हो," गुणवंतराव कळवळून म्हणाले. "पण माझं पाहणं पुरावा नाही."

मग गोतावळ्यावरचा वर्ग बदलायचं ठरलं. गुणवंतरावांनी मोहाच्या सावलीत बसून स्वतःच्या हाताने अर्ज केला. गोतावळ्याने उत्तर दिलं की वर्गबदलाची विनंती आनंदाने विचारात घेतली जाईल. आपण खरोखर कोण आहात, याची खात्री पटवण्यासाठी कृपया आपल्या अधिकृत वेबसाइटचा पत्ता द्या.

गुणवंतरावांनी ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचलं.

"आपली वेबसाइट होती, नाही?" त्यांनी हळूच विचारलं.

"होती. निर्लेखित केली."

"कोणी?"

सुरेंद्रने शिष्टाचाराला जागून मोहाच्या झाडाकडे पाहिलं.

कक्षातून तातडीचा आदेश निघाला. 'सदर संस्थेने गोतावळ्यावरील उपस्थितीच्या पुष्ट्यर्थ, पूरक पुरावा म्हणून, जुनी वेबसाइट पुनर्स्थापित करावी. ती दुबार उपस्थिती समजली जाणार नाही.' सुरेंद्रने जुनी पानं जपून ठेवली होती. पांढरं पान, काळी अक्षरं परत आली, तिरका फोटोही आला. गोतावळ्याने ते पान पाहिलं, हा मासळीचा तलाव आहे हे मान्य केलं आणि नावापुढे निळी खूण दिली. पथकाने क्लोरीनची नोटीस मागे घेतली, मात्र पोहणाऱ्यांना मासे चावल्याची नोंद कायम ठेवली.

त्या दिवशी संध्याकाळी सुरेंद्र पाळीवर फार वेळ बसला. मग घरी येऊन लिहिलं, "उद्या छोट्या पाळीकडून जाळं. मासा थोडा हाये. लवकर या." पुनमने खांद्यावरून वाचलं आणि म्हणाली, "त्या रीताबाईले फोन बी करून टाका." त्यावर तो म्हणाला, "नाई लागत. ती पाहते."

इकडे गुणवंतराव भारावून गेले होते. त्यांनी कक्षाच्या गोतावळ्यावर मोठा मजकूर टाकला. शीर्षक होतं, 'स्वतःचं घर ते स्वतःचं घर : एका वेबसाइटचं पुनरुज्जीवन.' समाजमाध्यमांच्या गर्दीत माणसाचं हक्काचं पान कसं हरवत चाललं आहे, हे त्यांनी डोळ्यांत पाणी येईल असं लिहिलं होतं. खाली वेबसाइटचा पत्ता दिला होता. मजकूर हातोहात पसरला. 'असे लोक जपले पाहिजेत', 'अंतर्मुख केलंत', 'आपण सगळेच हे विसरलोय', असे अभिप्राय आले. कितीतरी जणांनी 'पत्ता द्या' असं लिहिलं. पत्ता त्यांच्या अभिप्रायाच्या बोटभर वरच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोहटोल्याच्या छोट्या पाळीवर रीता, तिच्या वस्तीतल्या काही बायका आणि जवळपासचे नेहमीचे लोक आले. तेवढ्याच लोकांनी वेबसाइट उघडली होती. त्यांनी मासे घेतले, चिखलाबद्दल कुरकुर केली आणि ते गेले.

मजकूर वाचून हळहळलेले बाकीचे हजारो लोक म्हणजे आपण. आपण तो तलाव पाहिला नाही, ते पान उघडलं नाही आणि तो मासा खाल्ला नाही. चव मात्र छान होती, असं लिहून आलो.